चुन्याने अ‍ॅसिड न्यूट्रल केलं तर गाळ किती येणार? समीकरणाचं उत्तर आणि काट्यावरचं वजन जुळत नाहीये

रबाळे_ट्रेनी

नमस्कार सगळ्यांना. बीएस्सी केमिस्ट्री करून रबाळे एमआयडीसीत एका छोट्या युनिटमध्ये ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर) ट्रेनी म्हणून लागलोय आणि एका हिशोबात अडकलोय म्हणून विचारतोय, जरा लांब आहे पण वाचा प्लीज.

आमच्याकडे वॉशिंगचं अ‍ॅसिडवालं पाणी येतं. त्यात सल्फ्युरिक अ‍ॅसिड सोडून फारसं काही नसतं, मेटल तर नसल्यातच जमा. एका बॅचला ५००० लिटर. १० मिली सॅम्पल घेऊन ०.१ नॉर्मल कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) टायट्रेट केलं की साधारण २०.४ मिली जातं, म्हणजे ०.२०४ नॉर्मल, म्हणजे लिटरला १० ग्रॅम अ‍ॅसिड, म्हणजे पूर्ण बॅचमध्ये ५० किलो. इथपर्यंत मला खात्री आहे.

आम्ही हायड्रेटेड लाईम, म्हणजे विझवलेला चुना टाकतो. समीकरण साधंच आहे:

सल्फ्युरिक अ‍ॅसिड + कॅल्शियम हायड्रॉक्साइड → कॅल्शियम सल्फेट + २ पाणी

मोलर मास धरले तर ९८ + ७४ → १३६ + ३६. दोन्हीकडे १७२, बॅलन्स्ड आहे. मग ५० किलो अ‍ॅसिडला चुना ५० × ७४ ÷ ९८ = ३७.८ किलो, आणि कॅल्शियम सल्फेट ५० × १३६ ÷ ९८ = ६९.४ किलो.

आता प्रत्यक्षात काय होतं, तर पीएच ८ च्या आसपास यायला २५ किलोची दोन पोती पूर्ण जातात, म्हणजे ५० किलो चुना. आणि फिल्टर प्रेसमधून (गाळ दाबून पाणी काढायचं मशीन) जो केक, म्हणजे दाबलेला गाळ निघतो तो काट्यावर पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतो. ६९ कुठे आणि पावणेदोनशे कुठे!

साहेबांना विचारलं तर म्हणाले समीकरणाच्या उत्तराला सरळ अडीचपट कर, आमचं असंच चालत आलंय. पण अडीचच का? उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगणार? वस्तुमान अक्षय्यतेचा नियम आठवीपासून शिकतोय, मग हे वरचे शंभर किलो येतात कुठून हे मला नीट समजून घ्यायचंय. कोणी टप्प्याटप्प्याने सांगेल का?

ऐरोली_तेजू

पहिली गोष्ट, पाण्यात तयार होणारा कॅल्शियम सल्फेट कोरडा नसतो. तो जिप्सम म्हणून खाली बसतो, म्हणजे प्रत्येक कॅल्शियम सल्फेटमागे पाण्याचे दोन रेणू स्फटिकात अडकलेले. त्यामुळे १३६ च्या जागी १७२ धर, ५० × १७२ ÷ ९८ = ८७.८ किलो. बाकीचा बराचसा भाग केकमधलं ओलं पाणी असणार. डिटेल कोणीतरी अनुभवी सांगेलच.

जुना_प्लांटवाला

तेजूने सुरुवात बरोबर करून दिलीये, मी पुढचं सांगतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात माझी सगळी नोकरी ईटीपी आणि प्लांटवर गेली, आता ठाण्यात घरी असतो, त्यामुळे वेळ आहे आणि असा प्रश्न कोणी विचारला की मनापासून आनंद होतो, कारण बहुतेक जण ते अडीचपट ऐकून गप्प बसतात.

बाळा, तुझं समीकरण १०० टक्के बरोबर आहे. फक्त ते काय बोलतं आणि काय बोलत नाही हे बघ. ते सांगतं की शुद्ध अ‍ॅसिड, शुद्ध चुना, जेवढं रिअ‍ॅक्ट झालं तेवढ्यापुरतं, आणि पदार्थ त्यात लिहिलाय त्याच रूपात. तुझ्या काट्यावर यातलं एकही जसंच्या तसं नाहीये. म्हणून एकेक फरक वेगळा काढायचा आणि त्याला किलो लावायचे, सगळे एका गुणकात कोंबायचे नाहीत.

जिप्समचं आधी. तुझ्या आकड्यांत एक सुंदर गोष्ट आहे ती तुझ्या नजरेतून सुटली असेल. ९८ आणि ७४ मिळून १७२, आणि जिप्समचं मोलर मासही १७२. म्हणजे रिअ‍ॅक्शनमध्ये पाण्याचे जे दोन रेणू तयार होतात तेवढंच पाणी जिप्समला स्फटिकात लागतं. ते नेमके तेच रेणू असतात असं नाही, टाकीत सगळं पाणीच पाणी आहे, पण हिशोबाला तेवढंच. म्हणून ५० किलो अ‍ॅसिड अधिक ३७.८ किलो शुद्ध चुना म्हणजे ८७.८ किलो जिप्सम, नुसती बेरीज. गुणाकाराची गरजच नाही.

आता चुना. समीकरण म्हणतं ३७.८, तू टाकतोस ५०. मधले १२.२ किलो काय आहेत? पोत्यावर शुद्धता काय छापलीये ते बघ, ८५ टक्के असेल तर ५० किलोत शुद्ध चुना ४२.५ किलो आणि साडेसात किलो वाळू, सिलिका, न भाजलेली चुनखडी असलं काहीबाही. उरलेला पावणेपाच किलो चांगला चुना आहे पण कामाला आलेला नाही, कारण चुन्याच्या कणावर जिप्समचा थर बसतो आणि आतला भाग तसाच राहतो. तो मोकळा विरघळला असता तर तुझा पीएच ८ वर थांबलाच नसता, १२ च्या वर गेला असता, म्हणजे तो आत अडकलेलाच आहे हे पीएचच सांगतोय. नुसतं पोतं ओतलं की हे जास्त होतं, आधी वेगळ्या ड्रममध्ये पाण्यात कालवून पातळ स्लरी करून हळूहळू सोडलं आणि स्टरर नीट चालू ठेवला की कमी होतं.

पावसाळ्यात अजून एक. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की तोंड उघडं राहिलेलं पोतं हवेतला कार्बन डायऑक्साइड खात बसतं आणि चुन्याचं परत कॅल्शियम कार्बोनेट होतं. ७४ किलोचं १०० किलो, वजन वाढतं पण न्यूट्रल करायची ताकद तेवढीच राहते आणि कामाचा वेगही मंदावतो. पोती पॅलेटवर ठेव, प्लास्टिकने झाक, आणि आधी आलेली आधी वापर.

तर हे १२.२ किलो, रिअॅक्ट न होता राहिलेले, जातात केकमध्येच.

तिसरं, आणि हे पुस्तकातल्या गणितात सहसा येतच नाही: जिप्सम थोडं विरघळतं. दर लिटरला साधारण दोन ते अडीच ग्रॅम. मी २.२ धरतो. ५००० लिटरमध्ये ११ किलो जिप्सम पाण्याबरोबर निघून जातं, ते केकमध्ये येतच नाही. हेच जिप्सम पुढे पाइपात आणि पंपात पांढरी खपली होऊन बसतं, मेंटेनन्सवाल्यांना विचार.

आता बेरीज कर. अ‍ॅसिड ५०, चुना ५०, दोन्ही मिळून १००. त्यातून विरघळलेले ११ वजा. कोरडा ऐवज ८९ किलो. बघ किती सरळ आहे, जे टाकलं ते सगळं, वजा जे पाण्यातून गेलं ते.

राहिलं ओलं पाणी. छोट्या फिल्टर प्रेसच्या केकमध्ये निम्मं पाणी असणं नेहमीचं आहे, हाताला केक कोरडा लागला तरी. ८९ ला ०.५ ने भागलं की १७८ किलो. तुझा काटा पावणेदोनशे सांगतोय. जुळलं!

आणि हे शेवटचं पाणी तुझ्या कंपनीला सगळ्यात महाग पडतं. गाळ तळोज्याला घातक कचऱ्याच्या सेंटरला जातो तो ओल्या वजनावर, गाडीभाडं पण ओल्या वजनावर. प्रेस नीट चालवून पाणी ५० वरून ४० टक्क्यांवर आणलंस तर तोच ८९ किलो ऐवज १४८ किलोत बसतो. एका बॅचला ३० किलो कमी, आणि केमिस्ट्रीत काहीही न बदलता. कापड कधी धुतलं, प्रेशर किती वेळ धरतात, हे बघ.

चुना हाताळताना गॉगल घालच, डोळ्यात गेला तर फार वाईट.

कळवा_अकरावी

मी अकरावी सायन्सला आहे, सीईटीची तयारी चालू आहे, हा धागा वाचून पहिल्यांदा हे गणित कुठेतरी खरंच वापरतात हे कळलं, थँक्यू काका. माझा डाउट बेसिक आहे. इथे सगळीकडे १:१ आहे म्हणून सोपं गेलं. पण चुन्याऐवजी कॉस्टिक असेल तर समीकरणात कॉस्टिकच्या पुढे २ येतो. मग १ किलो अ‍ॅसिडला २ किलो कॉस्टिक असं का नाही धरायचं? आणि दुसरं, चुना कमी पडला तर प्रॉडक्ट कसं काढायचं? लिमिटिंग रिएजंट मला पाठ आहे पण कळलेलं नाहीये.

घंटाळी_क्लासवाली

हे मी सांगते, रोज हेच शिकवते.

पुढचे आकडे वजनाचे नसतात, नगाचे असतात. एका बोल्टला दोन नट लागतात म्हणून एक किलो बोल्टला दोन किलो नट कोणी आणत नाही, कारण एका बोल्टचं वजन वेगळं आणि एका नटाचं वेगळं. आधी बोल्ट किती नग आहेत ते वजनावरून काढायचं, दुप्पट नट, मग नटांचं वजन. मोल म्हणजे हेच, नग मोजायचं एकक. म्हणून रस्ता नेहमी वजन, मोल, मोल, वजन असाच जातो आणि समीकरणातले आकडे फक्त मधल्या मोल ते मोल या पायरीवर वापरायचे. दुसरीकडे कुठेही नाही.

कॉस्टिकने करून बघ:

सल्फ्युरिक अ‍ॅसिड + २ सोडियम हायड्रॉक्साइड → सोडियम सल्फेट + २ पाणी

अ‍ॅसिड ५० किलो, भागिले ९८, म्हणजे ०.५१ किलोमोल (किलोत काम करत असू तर किलोमोल, घाबरायचं कारण नाही). कॉस्टिक त्याच्या दुप्पट, १.०२ किलोमोल. कॉस्टिकचं मोलर मास ४०, म्हणून वजन ४०.८ किलो. सोडियम सल्फेट ०.५१ किलोमोल, मोलर मास १४२, म्हणजे ७२.४ किलो. पाणी १.०२ गुणिले १८, १८.४ किलो. आता डावीकडे ५० + ४०.८ = ९०.८ आणि उजवीकडे ७२.४ + १८.४ = ९०.८. ही शेवटची बेरीज परीक्षेत पण कर, दहा सेकंद लागतात आणि गडबड असेल तर तिथेच पकडली जाते.

तू म्हणतेस तसं १ ला २ धरलं असतं तर ५० किलो अ‍ॅसिडला १०० किलो कॉस्टिक गेलं असतं, म्हणजे जवळपास ५९ किलो जास्तीचं, आणि त्या टाकीचा पीएच १३ च्या वर. अ‍ॅसिडपासून सुटका करायला गेलो आणि तितकंच घातक पाणी हातात आलं. यासाठी मी मुलांना म्हणते की मोलची पायरी गाळू नका, वेळ वाचत नाही.

आता चुना कमी पडला तर. समजा शुद्ध चुना ३० किलोच आहे. ३० ÷ ७४ = ०.४०५ किलोमोल. अ‍ॅसिड ०.५१. एकास एक लागतं, म्हणजे चुना आधी संपणार. जो आधी संपतो तो प्रॉडक्ट ठरवतो, बस, लिमिटिंग रिएजंट म्हणजे एवढंच. जिप्सम ०.४०५ × १७२ = ६९.७ किलो. उरलेलं अ‍ॅसिड ०.१०५ किलोमोल, १०.३ किलो.

एक सावधगिरी: ज्याचं वजन कमी तो लिमिटिंग असं समजू नकोस. तसंच ज्याचे मोल कमी तोच लिमिटिंग, हे फक्त १:१ लाच चालतं. इतर वेळी प्रत्येकाचे मोल त्याच्या पुढच्या आकड्याने भागायचे आणि मग तुलना करायची. वेगळं उदाहरण घे, अ‍ॅल्युमिनियम आणि क्लोरीन: २ अ‍ॅल्युमिनियम + ३ क्लोरीन → २ अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड. ५.४ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम म्हणजे ०.२ मोल, १४.२ ग्रॅम क्लोरीन म्हणजे पण ०.२ मोल. मोल सारखे, वजनाने क्लोरीन जवळजवळ तिप्पट, तरी क्लोरीनच आधी संपतो. ०.२ ÷ ३ हे ०.२ ÷ २ पेक्षा लहान. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड किती आणि अ‍ॅल्युमिनियम किती उरलं ते तू काढून इथे टाक, मी बघते.

कळवा_अकरावी

क्लोराइड ०.१३३ मोल, १३३.५ ने गुणून १७.८ ग्रॅम. अ‍ॅल्युमिनियम वापरलं गेलं ३.६, उरलं १.८. बेरीज १७.८ + १.८ = १९.६ आणि सुरुवातीला ५.४ + १४.२ = १९.६. जमलं मॅडम!!

घंटाळी_क्लासवाली

एकदम बरोबर. शाब्बास.

जुना_प्लांटवाला

मॅडमच्या ३० किलोच्या उदाहरणात एक गोष्ट जोडतो, रबाळेवाल्या मुलाच्या रोजच्या कामाची आहे. पाच भागांतले चार भाग अ‍ॅसिड मारून झालं, १०.३ किलोच उरलं, तरी त्या ५००० लिटरचा पीएच अजून दोनच्या खालीच असणार. सुरुवातीला एकच्या जवळ होता. ऑपरेटरला वाटतं एवढा चुना ओतला आणि मीटर हललाच नाही, चुना खराब आहे, आणि मग तो वैतागून एकदम अख्खं पोतं रिकामं करतो. मीटर हलत नाही कारण पीएच लॉगॅरिदमवर चालतो, दहापट अ‍ॅसिड कमी झालं की एक आकडा वर. शेवटच्या थोड्या चुन्यात तो तीनवरून आठवर उडी मारतो. म्हणून चुना किती लागणार ते टायट्रेशन आणि समीकरणावरून आधी काढायचं, त्याचा ९० टक्के निर्धास्त टाकायचा, आणि शेवटचे १० टक्के मीटरकडे बघत बघत, थांबत थांबत. पीएचवरून गाळाचा अंदाज बांधायला तर अजिबात जाऊ नये.

महापे_ईटीपी

सगळं वाचलं, चांगलं आहे, पण थोडं वेगळं मत मांडतो. मी महापेला प्लांट चालवतो, रोज टाकी भरलेली असते, माणसं कमी असतात, एवढा हिशोब करायला वेळ कोणाला आहे. अडीचपटचा नियम साहेबांनी उगाच नाही सांगितला, तो अनुभवातून आलाय आणि या मुलाच्या आकड्यांवर तो बरोबर बसतोच आहे, ६९.४ गुणिले अडीच १७३. मग त्रास कशाला? आणि गाळाचाच प्रॉब्लेम असेल तर कॉस्टिक वापरा, सोडियम सल्फेट विरघळून जातं, गाळ शून्य, प्रेस नको, तळोजा नको.

जुना_प्लांटवाला

महापेवाले, तुमचा अनुभव मी नाकारत नाही, पण या दोन्ही गोष्टींवर मला स्पष्ट बोलायचंय.

अडीच हा आकडा लिटरला १० ग्रॅम अ‍ॅसिड, ही चुन्याची क्वालिटी आणि ५० टक्के पाणी, या तिघांसाठीच खरा आहे. अ‍ॅसिड बदललं की तो पडतो. समजा एखादी बॅच ३ ग्रॅमची आली. अ‍ॅसिड १५ किलो, त्याच चुन्याने चुना पण १५ किलो, मिळून ३०. विरघळणारं जिप्सम मात्र तेवढंच, ११ किलो, कारण पाणी ५००० लिटरच आहे. कोरडं १९, ओलं ३८. समीकरणाने कॅल्शियम सल्फेट २०.८ येतो, अडीचपट केलं तर ५२. म्हणजे ५२ सांगितले आणि आले ३८. अजून पातळ, दीड ग्रॅमची बॅच घ्या. साडेसात अधिक साडेसात, वजा ११, राहिले ४, ओला केक ८ किलो. समीकरण सांगतं १०.४, आणि इथे ओला केकच त्याहून कमी! गुणक अडीच कुठे राहिला, एकच्या खाली गेला.

पावसाचं पाणी उघड्या पिटमध्ये शिरलं तरी हेच होतं. अ‍ॅसिड ५० किलोच, पण पाणी ५००० चं १०,००० लिटर झालं की २२ किलो जिप्सम विरघळून जातं आणि केक १५६ वर येतो. ऑगस्टमध्ये गाळ कमी दिसला की लोकांना वाटतं अ‍ॅसिड कमी आलं. अ‍ॅसिड तेवढंच आलेलं असतं, तुमचं जिप्सम पाण्यातून गेलेलं असतं.

आणि कॉस्टिक. गाळ शून्य हे खरं, पण वस्तुमान कुठे गेलं? मॅडमनी वर काढलंय, ७२.४ किलो सोडियम सल्फेट. ते ५००० लिटरमध्ये टाका, लिटरला साडेचौदा ग्रॅम, म्हणजे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) लिटरला १४,५०० मिलिग्रॅमने वाढला. चुन्यात तो जिप्सममुळे २,२०० च्या आसपास वाढतो. प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटमध्ये (परवानगीत) टीडीएसची मर्यादा लिहिलेली असते, ती काढून बघा, मग ठरवा. गाळ दिसतो म्हणून त्याचा त्रास वाटतो, मीठ दिसत नाही, पण ते पुढे खाडीच्या दिशेनेच जाणार आहे. माझ्या मते चुनाच बरा, प्रेस नीट चालवा.

चुनखडीची पावडर स्वस्त मिळते म्हणून कोणी सुचवेल, तर तिथे ५० किलो अ‍ॅसिडला २२.४ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे साडेबारा घनमीटर गॅस. टाकीला फेस येतो, आणि खोल किंवा झाकलेल्या टाकीत तो गॅस तळाशी साठून माणूस गुदमरू शकतो. बंद टाकीत हा प्रयोग नको म्हणजे नको.

महापे_ईटीपी

पातळ बॅचचा मुद्दा पटला काका. आमच्याकडे पावसाळ्यात आकडे हलतात ते यामुळेच असणार, मी पोत्यांचा आणि केकचा रजिस्टर शेजारी ठेवून बघतो.

ऐरोली_तेजू

एक ऑफिसची गोष्ट सांगून ठेवते, मी कम्प्लायन्स बघते. हा सगळा हिशोब अंदाजासाठी आणि स्वतःला समजण्यासाठी करा, पण घातक कचऱ्याच्या फॉर्म ४ च्या वार्षिक रिटर्नमध्ये (३० जूनच्या आत जातो तो) काट्यावर प्रत्यक्ष भरलेलं वजनच लिहायचं, मॅनिफेस्टशी (गाळाच्या गाडीबरोबर जाणाऱ्या कागदाशी) जुळणारं. ईटीपीचा केमिकल गाळ ३५.३ कॅटेगरीत येतो. हिशोबाचा उपयोग असा की प्रत्यक्ष वजन हिशोबापासून फार लांब गेलं तर काहीतरी बिघडलंय हे लगेच कळतं, एकतर चुना वाया जातोय किंवा प्रेस नीट दाबत नाहीये किंवा एखादी खेप लिहायची राहिलीये.

रबाळे_ट्रेनी

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं उत्तर प्रिंट काढून साहेबांना दाखवलं, त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले केकचं मॉइश्चर टेस्ट करून बघ, तरच मानेन. पोत्यावर खरंच ८५ टक्के लिहिलंय.

मग केकचे १०० ग्रॅम घेऊन रात्रभर ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला ठेवले. सकाळी ४२ ग्रॅम उरले. म्हणजे पाणी ५८ टक्के? १७५ किलो केकला ४२ टक्के म्हणजे ७३.५ किलो कोरडं. हिशोबाने ८९ यायला हवं होतं, पंधरा किलो परत गायब. सॅम्पल केकच्या मधून आणि कडेने दोन्हीकडून घेऊन मिक्स केलं होतं. काका आता काय?

जुना_प्लांटवाला

सॅम्पल नीट घेतलंस, ओव्हनही बरोबर चालला, फक्त तापमान जिप्समला चालणारं नाही. १०५ डिग्रीला ओलं पाणी तर जातंच, पण रात्रभर ठेवलं की स्फटिकातलं पाणीही सुटायला लागतं. पेणला गणपतीसाठी जे प्लास्टर ऑफ पॅरिस वापरतात ते जिप्सम भाजूनच बनतं, त्यात १७२ चे १४५ होतात. सगळं पाणी गेलं तर १३६. म्हणजे जिप्समचं वजन १५.७ पासून २०.९ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं, आणि तुझ्या ओव्हनने ते सगळं मॉइश्चर म्हणून मोजलं.

पडताळून बघ. तुझ्या कोरड्या ८९ किलोत जिप्सम ८७.८ वजा ११, म्हणजे सुमारे ७७ किलो. त्याच्या २० टक्के म्हणजे पंधरा-साडेपंधरा किलो. तेच तुझे गायब झालेले पंधरा.

आता असं कर. नवीन १०० ग्रॅम घे, ४५ डिग्रीच्या वर जाऊ न देता वजन स्थिर होईपर्यंत वाळव, वेळ लागेल, पातळ पसरून ठेव. ते वजन लिही, माझा अंदाज पन्नासच्या जवळ. मग तोच नमुना २२० ते २३० डिग्रीला ने, परत स्थिर होईपर्यंत. चुना या तापमानाला सुटत नाही, त्यामुळे या दुसऱ्या टप्प्यात जी घट येईल ती फक्त जिप्समच्या पाण्याची. त्या घटीला १७२ ने गुण आणि ३६ ने भाग, नमुन्यात खरं जिप्सम किती ते थेट मिळेल. घट ९ ग्रॅम आली तर जिप्सम ४३ ग्रॅम. पन्नासातून ४३ वजा केले की उरलेले ७ म्हणजे पोत्यातली घाण आणि आत अडकून राहिलेला चुना. ओव्हनमधून काढल्यावर डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून मगच वजन कर, या हवेत भाजलेलं जिप्सम काट्यावर ठेवल्या ठेवल्या पाणी ओढतं.